मोटारसायकलवरचा वाटाड्या आणि बॅटरीची तार

गेल्या दोनतीन महिन्यांत कुटुंब-पानासाठी येणाऱ्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे, आणि तो स्वयंपाकाचा, दुखण्याखुपण्याचा किंवा लग्नकार्याचा नाही. विक्रोळीच्या एका भगिनीने लिहिले आहे की, त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवण्याचे काम करतो. रस्ता पाहण्यासाठी मोबाईल दिवसभर चालू लागतो. म्हणून त्याने हँडलवर चार्जर बसवून घेतला आणि पुढच्या पंधरा दिवसांत दोनदा गाडी सकाळी बटणावर सुरूच झाली नाही. नाशिक रोडच्या एका वाचकाची गाडी भर पावसात रात्री साडेदहाला बंद पडली. दिवा, हॉर्न, इंडिकेटर काहीच लागेना. तिसरे पत्र अधिक काळजीचे आहे. त्यात टाकीखालून जळका वास येऊन धूर निघाल्याची हकिकत आहे. तिन्ही ठिकाणी दोष एकाच जागी सापडला : चार्जरसाठी बॅटरीवरून ओढलेली तार.

या गाड्या बहुधा कर्जाच्या असतात. महिन्याचा हप्ता, खोलीचे भाडे, धाकट्या बहिणीची फी हे सगळे त्या दोन चाकांवर उभे असते. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून आजचे सदर आम्ही या एका तारेसाठी देत आहोत. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी ते कापून ठेवावे आणि गाडी गॅरेजला नेताना खिशात न्यावे.

परदेशात मोटारसायकलसाठी रस्ता दाखवणारे वेगळे यंत्र मिळते, त्याला सॅटनॅव म्हणतात. आपल्याकडे ते काम मोबाईलच करतो. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. मोबाईल त्यांच्याकडे काही पाठवत नाही, नुसता ऐकतो, आणि चार उपग्रहांचे नीट ऐकू आले की आपण कोठे आहोत ते हिशेबाने काढतो. खरी वीज खातो तो उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजळलेला पडदा आणि सतत चालू असलेले इंटरनेट. चार-पाच तासांत मोबाईल मान टाकतो तो यामुळे. पॉवर बँक हा पहिला उपाय, आणि ज्याला दिवसाकाठी तासभरच नकाशा लागतो त्याने त्यावरच भागवावे, गाडीच्या वायरिंगला हातच लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण दहा-बारा तास रस्त्यावर असणाऱ्याला पॉवर बँक पुरत नाही.

आता मूळ गोष्ट. मोटारसायकलची बॅटरी बारा व्होल्टची असते. नीट भरलेली, शांत असलेली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना तेथे साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळतात. मोबाईलच्या केबलला साधारणपणे पाच व्होल्ट लागतात. म्हणजे मध्ये बारा-चौदाचे पाच करणारे यंत्र हवेच, आणि हँडलवरचा चार्जर म्हणजे तेच यंत्र. जुनी केबल कापून तिच्या दोन तारा थेट बॅटरीला जोडणारे महाभाग आम्ही ऐकून आहोत. त्यात मोबाईल जातो, हे सांगायला नको.

वीज किती लागते? पाच व्होल्ट, दोन अँपियरचा चार्जर म्हणजे दहा वॅट. वाटेतली गळती धरून बॅटरीतून साधारण एक अँपियर जातो. अठरा वॅटचा जलद चार्जर असेल तर पावणेदोन अँपियर. पुढच्या हॅलोजन दिव्याचा बल्ब पस्तीस वॅटचा असतो, त्याच्या मानाने हा भार मोठा नाही. निरोगी गाडी तो सहज वाहते. मात्र आधी बॅटरी निरोगी आहे ना हे पाहून घ्यावे. दोनतीनशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. काटा किंवा आकडा तेराच्या आतच राहत असेल तर गाडी बॅटरी भरतच नाही, मग चार्जर लावून उगाच तिला का छळावे? पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो आधी बदलावा, नाहीतर चार्जर आणि बॅटरी दोन्ही जातील.

यानंतरचा प्रश्न म्हणजे तार कोठून घ्यायची, आणि घोटाळा होतो तो येथेच. रस्त्याकडेचा मेस्त्री घाईत असतो. तो पुढचा दिवा उघडतो, हाताला येईल ती तार सोलतो, तिच्यावर चार्जरची तार पिळतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि पन्नास रुपये घेतो. आता पाहा. जुन्या शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर चालत नव्हताच. तो इंजिनच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी विजेवर चालत असे. रेस दिली की दिवा उजळतो आणि गाडी मंदावली की तो मिणमिणतो, अशी गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी चालवली आहे. त्या तारेवर चार्जर लावला तर तो जळतो. 1 एप्रिल 2017 पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, पण त्यांतही कोणत्या गाडीचा एसीवर आणि कोणत्या गाडीचा डीसीवर, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दिव्याच्या तारेला हात लावू नये, हा सोपा नियम. 1 एप्रिल 2020 नंतर बीएस-6 गाड्या आल्या. त्यांत पेट्रोल सोडण्याचे काम एक छोटा संगणक करतो. त्याच्या, पेट्रोल पंपाच्या किंवा सेन्सरच्या तारेवर कोणी चार्जर जोडला तर गाडी भलत्याच ठिकाणी बंद पडेल आणि कारण लवकर सापडणार नाही. शिवाय मूळ वायरिंग कापलेले दिसले की कंपनीचा सर्व्हिसवाला वॉरंटी नाकारायला मोकळा होतो.

मग तार थेट बॅटरीवरूनच आणावी हे ओघाने आले, आणि ते बरोबरही आहे. पण दोन अटींवर.

पहिली अट फ्यूजची. चार्जरकडे जाणाऱ्या प्लसच्या तारेत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवा. पुष्कळजण फ्यूज लावतात, पण चार्जरजवळ, हँडलखाली लावतात, कारण तेथे हात पोचतो. त्याचा उपयोग शून्य. फ्यूज चार्जरसाठी नसतो, तारेसाठी असतो. बॅटरीपासून हँडलपर्यंत तीन-चार फुटांची तार टाकीखालून, सांगाड्याच्या कडांना घासत जाते. कोठे तिचे वरचे कवच घासून निघाले आणि आतले तांबे लोखंडाला टेकले, की बॅटरी आपली सगळी ताकद त्या तारेत ओतते. तार क्षणात लाल होते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. फ्यूज बॅटरीजवळ असेल तर तो तुटतो आणि गोष्ट तेथेच संपते. फ्यूज हँडलखाली असेल तर त्याच्या अलीकडची सारी तार उघडी पडलेली. तिसऱ्या पत्रातल्या गाडीची हीच कथा असावी, असे वर्णनावरून दिसते. एक अँपियरच्या भारासाठी दोन अँपियरचा फ्यूज, जलद चार्जरसाठी तीनचा. दहाचा लावू नये. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तारेचा तुकडा बसवणाऱ्या माणसाच्या हातात आपली गाडी पुन्हा कधीही देऊ नये.

नाशिक रोडच्या वाचकांच्या गाडीत नेमके उलट झाले. तेथे चार्जर गाडीच्या मूळ तारेवर, वेगळा फ्यूज न लावता जोडला होता. पावसाचे पाणी चार्जरच्या तोंडात गेले, आत दोन टोके एक झाली आणि गाडीचा मुख्य फ्यूज उडाला. चार्जरला स्वतःचा दोन अँपियरचा फ्यूज असता तर फक्त मोबाईलचे चार्जिंग थांबले असते, गाडी घरी आली असती.

दुसरी अट चावीची. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर गाडी बंद केल्यावरही जागा असतो. त्यावरचा निळा दिवा किंवा व्होल्टचे आकडे दाखवणारी छोटी काच दिवसरात्र थोडी थोडी वीज पिते. वीस मिलिअँपियर धरली तरी चोवीस तासांत जवळजवळ अर्धा एएच झाला; आणि शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी असते तीन ते पाच एएचची. गाडी चार दिवस गावी उभी राहिली तर स्टार्टरला फिरवायला ताकद उरत नाही. कोणी रात्री चार्जरला पॉवर बँक लावून ठेवली तर चार दिवसही नकोत, तेवढी एक रात्र पुरते. विक्रोळीच्या भगिनींनी मुलाला हे एकदा विचारून पाहावे. वेगळे बटण बसवणे हा उपाय काहीजण सुचवतात. बारा तास राबून रात्री एकला घरी आलेला मुलगा ते बटण आठवणीने बंद करील, यावर आमचा भरवसा नाही.

उपाय आहे रिलेचा. गाड्यांच्या हॉर्नला वापरतात तोच चार पायांचा, बारा व्होल्टचा रिले. स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात मिळतो. त्याच्या पायांवर 30, 87, 86 आणि 85 असे आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून आलेली तार 30 ला लावावी. 87 वरून निघालेली तार चार्जरच्या प्लसला जाते. 85 बॅटरीच्या मायनसला. राहिला 86, त्याला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी तार द्यायची. मागच्या ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला जी तार वीज आणते ती यासाठी बरी, कारण ती सीटखाली जवळच असते. चावी बंद असताना टेस्ट लॅम्प लावून तेथे अंधार आहे आणि चावी चालू केल्यावर उजेड आहे, हे पाहूनच जोडावे. या तारेला चार्जरचा भार सोसावा लागत नाही. रिलेचे आतले चुंबक ओढायला लागते तेवढी, म्हणजे एका अँपियरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, वीज ती देते. चावी काढली की चुंबक सुटते आणि चार्जर झोपतो. ही सारी जोडणी, फ्यूजच्या खोक्यासकट, एका दिवसाच्या पेट्रोलच्या पैशात होते. चार्जर तेवढा वेगळा.

जोडकामाविषयी थोडे. तार बारीक तारांच्या पिळाची, पाऊण ते एक चौरस मिलिमीटरची घ्यावी. घरच्या वायरिंगची एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टोक आधी सोडवावे आणि शेवटी ते सर्वांत उशिरा लावावे. उलट केले आणि प्लसवरचा पाना चुकून सांगाड्याला लागला तर ठिणगीने डोळे दिपतात, कधी बॅटरीचे टोकही वितळते. बॅटरीवर तार गुंडाळू नये, गोल थिंबल दाबून स्क्रूखाली बसवावे. जोड सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह चढवावी, किंवा नीट दाबलेले कनेक्टर वापरावेत. नुसती पिळलेली आणि टेप मारलेली तार पहिल्या पावसाळ्यात हिरवी पडते. टाकीखालून नेताना तार मूळ वायरिंगच्या जुडग्याला प्लॅस्टिक पट्टीने बांधत न्यावी आणि इंजिन-सायलेन्सरपासून दूर ठेवावी. हँडलच्या मुळाशी तिला थोडी ढील हवी. काम झाल्यावर हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवून तार ताणते का, चिमटते का ते पाहावे. हे न पाहता पैसे देऊ नयेत.

आमच्या पानावर तारा आणि फ्यूज कशाला, असे काही ज्येष्ठ वाचकांना वाटेल. त्यांना आम्ही नम्रपणे आठवण देतो की, 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर 1943 मध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिच्यावाचून औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणावाचून या देशातल्या गरिबाची सुटका नाही, असा विचार मांडला. 1944 साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभे राहिले तेही त्यांच्याच खात्याखाली. आणि आपल्या वस्तीतला मुलगा बारा व्होल्टच्या बॅटरीपुढे हात जोडून उभा राहतो, मेस्त्री सांगेल ते खरे मानतो, हे आम्हांला खटकते. आपल्या समाजात आयटीआय झालेले वायरमन, इलेक्ट्रिशियन, ऑटो इलेक्ट्रिशियन काय थोडे आहेत? वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, त्याच विहाराच्या ओसरीवर एखाद्या रविवारी दुपारी त्यांनी पाच-सहा गाड्या उघडून दाखवाव्यात. मल्टिमीटर, थिंबल दाबण्याचा पाना आणि सोल्डरची कांडी वस्तीत सामाईक असली तरी पुरे. मुलींनाही बोलवावे. स्कूटरवर त्याही काम करतात, आणि त्यांची तार मात्र भावाने किंवा शेजारच्या मेस्त्रीनेच जोडायची असा नियम कोणी केला?

मोबाईल ठेवण्याच्या पकडीविषयी दोन गोष्टी. इंजिनचे हादरे कॅमेऱ्याच्या आतल्या नाजूक भागांना बाधतात. ॲपल कंपनीने सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना तशी लेखी सूचनाच दिली होती. पकडीत रबराची गादी असलेली, हादरे शोषणारी वस्तू घ्यावी, आणि चांगला मोबाईल खिशात ठेवून जुना मोबाईल हँडलवर लावता आला तर उत्तम. चार्जरचे तोंड खाली किंवा आडवे राहील असे बसवावे, वर झाकण असावे. आमच्या विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक : एप्रिल-मेच्या उन्हात मोबाईल तापला की तो स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. त्या वेळी तारेला दोष देऊन वायरिंग पुन्हा उकलत बसू नये. मोबाईल सावलीत धरावा.

कायदाही माहीत असावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली गाडी चालवताना हातात धरायचे संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक चालवणे ठरते. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांत रस्ता पाहण्यासाठी त्याचा वापर करायला मुभा आहे, तीही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे मोबाईल हातात नको, पकडीत हवा. ठिकाण निघण्यापूर्वी भरावे, आणि रस्ता कानाने ऐकावा. गाडी चालू असताना नव्या ऑर्डरसाठी पडदा दाबणे या मुभेत बसत नाही. कंपनीची घाई असते हे आम्ही जाणतो. भगवान बुद्धांनी अप्रमादावर किती भर दिला ते आपण जाणतोच. चाळीसच्या वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की गाडी बावीस मीटर पुढे गेलेली असते.

आणि नकाशा मोटारसायकलचाच लावलेला आहे ना, हे पाहावे. गूगल मॅप्सने डिसेंबर 2017 मध्ये भारतात दुचाकीचा वेगळा मार्ग दाखवायला सुरुवात केली. चुकून मोटारीचे चित्र निवडलेले राहिले तर तो वाटाड्या बिनदिक्कत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर किंवा जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर नेतो. तिन्ही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. नागपूरचा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, त्यावरही मोटारसायकल चालत नाही. अशोक विजयादशमीला किंवा 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जोडीजोडीने मोटारसायकलवर निघणारे तरुण दरवर्षी दिसतात. त्यांनी जुन्याच रस्त्याचा हिशेब धरावा, रात्रीचा मुक्काम आधी ठरवावा, आणि निघण्यापूर्वी घरूनच नागपूर शहराचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. लाखोंच्या गर्दीत इंटरनेट हमखास अडखळते. उपग्रह मात्र तेथेही ऐकू येतात. उतरवलेला नकाशा असेल तर मुक्कामाची गल्ली सापडते. जादा फ्यूज दोन, दोन अँपियरचे, सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत टाकावेत.